कारंज्यापलीकडचा कुत्रा

"पाव असावा तर असा!" ओत्तोरिनोने तुकडा तोडला, कॉफीत बुडवला आणि डोळे मिटून तोंडात टाकला. "याला म्हणतात ससाणा पेठेचा पाव. नाहीतर खाली बेडूक पेठेत जाऊन बघ. पाव भाजतात की विटा पाडतात देव जाणे!"

"खा मुकाट्याने," पाल्मीरा म्हणाली.

त्या घरात लग्नापासून, म्हणजे गेली सव्वीस वर्षं, रोज सकाळी एवढंच बोलणं व्हायचं. बेडूक पेठेतला पाव आपण जन्मात चाखला नाही असं ओत्तोरिनो सांगायचा, त्यामुळे त्याबद्दलचं त्याचं मत अगदी पक्कं होतं.

आमचं मोंतेरावो हे डोंगरावरचं गाव. वरच्या अंगाला ससाणा पेठ, खालच्या अंगाला बेडूक पेठ आणि बरोबर मध्ये दगडी कारंजं. सातशे वर्षांपूर्वी दोन्ही पेठांचं कशावरून तरी बिनसलं. वरचे म्हणतात, खालच्यांनी आमची घंटा पळवली. खालचे म्हणतात, वरच्यांनी आमचं डुक्कर खाल्लं. घंटा कुणी पाहिलेली नाही आणि डुक्कर तर आता सापडणं कठीणच. पण भांडण मात्र अजून ताजं आहे. मी कुठल्या पेठेचा ते कृपा करून विचारू नका, मला दोन्हीकडून जेवायचं आमंत्रण असतं.

ओत्तोरिनो गावातला गाइड. परक्या पाहुण्यांना पायी फिरवून जुनी चर्चं, चित्रं, पुतळे दाखवायचे, हे काम तो चौतीस वर्षं करत होता. पण दाखवायचा अर्धंच गाव. सकाळी नऊला वेशीपासून निघायचं, वरच्या पेठेतली सगळी चित्रं दाखवायची आणि अकराच्या ठोक्याला कारंज्यापाशी पाहुणे देल्फीनाच्या ताब्यात द्यायचे. देल्फीना बेडूक पेठेची गाइड. पुढचं अर्धं गाव तिचं. कचेरीत एका टेबलावरची फाइल दुसऱ्या टेबलावर सरकते तसे पाहुणे सरकायचे. एकोणीस वर्षांत दोघांमध्ये पाहुण्यांच्या आकड्यापलीकडे शब्द गेला नव्हता.

"बावीस."

"बावीस."

संपलं. एकाने वरचा रस्ता धरायचा, दुसरीने खालचा.

तर त्या शुक्रवारी पाव खाताना ओत्तोरिनोची कळी खुलली होती, त्याला कारण होतं. रविवारी पेठांचा उत्सव होता आणि यंदा ससाणा पेठेचं निशाण धरायचा मान त्याला मिळाला होता. हा मान सहजासहजी मिळत नाही. ओत्तोरिनो चाळीस वर्षं रांगेत होता. त्याच्या आजोबांनी निशाण धरलं होतं, वडील मात्र रांगेतच वारले. आणि अट एकच, पेठेच्या जुन्या वहीत लिहून ठेवलेली : निशाण धरणाऱ्याने जन्मात कधीही कारंज्यापलीकडे पाऊल टाकलेलं नसावं.

"पाल्मीरा, माझा मखमली सदरा?"

"इस्त्री करून ठेवलाय."

"आणि पिसांची टोपी?"

"झटकून ठेवलीय. तू आधी कामावर जा. रविवारपर्यंत घरात बसलास तर मला वेड लागेल."

तो गेला.

त्या दिवशीचे पाहुणे म्हणजे बेर्गामोहून आलेल्या एकोणीस निवृत्त शिक्षिका. ओत्तोरिनोने चौतीस वर्षांत नाना तऱ्हेचे लोक पाहिले होते, पण मास्तरणी निराळ्याच. त्याने एक सन सांगितला की मागून दुसरा यायचा. त्यांच्या म्होरक्या अदेल्माबाई. हातात छापील कार्यक्रम, गळ्यात शिट्टी. कुणी रेंगाळलं की शिट्टी वाजायची, आणि एकदा तर ओत्तोरिनोच रेंगाळला म्हणून वाजली. त्यांच्यातल्या सगळ्यात वडील इल्देगार्दाबाई. वय शहाऐंशी, चाकाच्या खुर्चीत बसलेल्या, अंगाने चिमणीएवढ्या. त्या काही बोलत नव्हत्या. प्रत्येक चित्रापाशी फक्त विचारायच्या, "ती पुढे आहे ना?"

"कोण, बाई?"

"अंजीरवाली माता."

ओत्तोरिनो खाकरायचा. "ते... ते खालच्या भागात. तिथे दुसरी गाइड नेते."

अकराला सगळे कारंज्यापाशी आले. ओत्तोरिनोने नेहमीचं शेवटचं भाषण केलं. "तर मंडळी, मोंतेरावोतली कला इथे संपते. पुढे ओल आहे. जपून चाला."

मग तो देल्फीनाची वाट पाहू लागला. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. अदेल्माबाईंनी दोनदा शिट्टी वाजवली. शेवटी ओत्तोरिनोने जन्मात पहिल्यांदा देल्फीनाला फोन लावला. पलीकडून नुसती फुसफुस ऐकू आली.

"देल्फीनाबाई? कुठे आहात? एकोणीस आहेत!"

"आवाज... गेलाय..." फोनमधून वारा यावा तसे शब्द आले. "रात्री... उत्सवाची... तालीम होती. गाणी... म्हटली."

"कसली गाणी?"

"तुमच्यावरची."

"मग भोगा आता! पण या बायकांचं काय करू?"

"तूच... ने." आणि पुढे जी फुसफुस आली ती हसण्याची होती, हे ओत्तोरिनोला बिनआवाजाचं कळलं.

त्याने फोन ठेवला आणि तोंडावर गोड हसू आणलं. "बायांनो, आमच्या सहकारीबाई आजारी आहेत. पण काही अडत नाही. सरळ खाली जा, डाव्या हाताला बेकरी लागेल, तिच्यासमोर छोटंसं चर्च. आत अंजीरवाली माता. बघा आणि परत या. मी इथे सावलीत बसतो."

"तुम्ही नाही येणार?" अदेल्माबाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"मला... उतार सोसत नाही."

शिक्षिका दोन-दोनच्या रांगेत खाली गेल्या आणि दहा मिनिटांत दोन-दोनच्या रांगेत परत आल्या.

"चर्चला कुलूप आहे," अदेल्माबाई म्हणाल्या. "चावी शेजारच्या एका म्हातारीकडे. झेलिंदा नाव. ती म्हणते, चावी फक्त गाइडच्या हातात देणार, बिल्ला बघून. तिच्या आईने कुणा परक्याच्या हातात दिली नाही, आजीनेही दिली नाही. आणि सव्वाबाराला ती शेवयांसाठी पाणी चुलीवर ठेवते. एकदा पाणी ठेवलं की चार वाजेपर्यंत दार उघडत नाही. आमची बस दीडला आहे. चला उठा."

"बाई, मला खरंच नाही हो जमणार!"

"का नाही?"

आता काय सांगणार? सांगावंच लागलं. ओत्तोरिनोने घंटेपासून डुकरापर्यंत आणि आजोबांपासून निशाणापर्यंत सगळं सांगितलं. एकोणीस शिक्षिकांनी ते गृहपाठाची सबब ऐकावी तसं ऐकून घेतलं.

"म्हणजे," अदेल्माबाई म्हणाल्या, "सातशे वर्षांपूर्वीच्या एका डुकरासाठी..."

"डुकराचं ते सांगतात. आमची घंटा होती."

तेवढ्यात इल्देगार्दाबाई हळूच बोलल्या, "राहू दे ग अदेल्मा. त्यांचा नेम आहे." मग त्यांनी पर्समधून कागदाचा एक कपटा काढला. पुस्तकातून कापलेलं, काडेपेटीएवढं काळंपांढरं चित्र, कडा झिजून गेलेल्या. "चाळीस वर्षं मी चित्रकलेच्या तासाला हे दाखवून शिकवलं. एवढंच होतं माझ्याकडे. पोरं विचारायची, बाई, तुम्ही खरं पाहिलंय का? मी म्हणायचे, पुढच्या सुट्टीत जाणार आहे." त्या हसल्या. "तशा पुष्कळ सुट्ट्या गेल्या. आता कारंज्यापर्यंत तरी आले."

ओत्तोरिनोने तो कपटा निरखून पाहिला. वाईट माणूस नव्हता हो तो. त्याने वर पेठेकडे पाहिलं, खाली उताराकडे पाहिलं, घड्याळात पाहिलं. अकरा पन्नास.

"बाई, पाऊल टाकता येत नाही, नाहीतर..."

"पाऊल टाकायचं नाही, एवढंच ना?" इल्देगार्दाबाईंनी खुर्चीचे हात धरले आणि सावकाश उठून उभ्या राहिल्या. "मग बसा इथे. मला दोघींनी धरलं की मी चालते हळूहळू. ही खुर्ची नुसती या पोरींच्या समाधानासाठी आहे."

त्या पोरींमधली सगळ्यात लहान अडुसष्ट वर्षांची होती.

ओत्तोरिनोने "नको, नको" म्हणेपर्यंत अदेल्माबाईंनी त्याला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं होतं. त्याने पाय खुर्चीच्या खालच्या फळीवर घट्ट ठेवले, टोपी डोळ्यांवर ओढली आणि कुणी ओळखीचं दिसत नाही ना ते पाहिलं. वरच्या चौकात ससाणा पेठेचे प्रमुख एव्हारिस्तो आपल्या औषधाच्या दुकानाच्या दारात पांढऱ्या कोटात उभे होते. त्यांची पाठ इकडे होती. ओत्तोरिनोला तेव्हा तरी तसं वाटलं.

बेडूक पेठेचा उतार म्हणजे साधा उतार नव्हे. हिवाळ्यात तिथून मांजरंसुद्धा भिंतीच्या कडेने जातात. सुरुवातीला चौघी शिक्षिकांनी खुर्ची धरली होती. मग एकीला दारावरचं दगडी चिन्ह दिसलं, तिने वही काढली. दुसरीने फोटोसाठी हात सोडला. तिसरी म्हणाली, "हे चिन्ह तेराव्या शतकातलं." अदेल्माबाई म्हणाल्या, "चौदाव्या!" आणि सवयीने दोन्ही हातांनी शिट्टी धरली.

शिट्टी वाजली आणि खुर्ची सुटली.

आता इथे दुसरा कुणी असता तर त्याने पाय खाली टेकून खुर्ची थांबवली असती. पण ओत्तोरिनो पक्का ससाणा पेठेचा. त्याने काय करावं? दोन्ही पाय वर उचलले! सरळ समोर, पार छातीच्या उंचीला. "पाऊल नाही! पाऊल नाही!" असं ओरडत तो बेडूक पेठेत उतरला.

चौकात बेडूक पेठेच्या पोरांची ढोलाची तालीम चालू होती. समोरून पाय वर केलेला माणूस चाकांवर येताना पाहून ढोल दोन बाजूंना झाले. वाजवायचं मात्र कुणी थांबलं नाही, त्यामुळे ओत्तोरिनो हिरव्या-पिवळ्या झेंड्यांमधून वाजतगाजत गेला. त्याचा डावा बूट उडाला आणि एका खिडकीतल्या तुळशीच्या कुंडीत पडला, तिथून रस्त्यावर. खुर्ची बेकरीसमोर रचलेल्या पिठाच्या पोत्यांवर जाऊन आदळली आणि थांबली. एक पोतं फुटलं. धुरळा खाली बसला तेव्हा खुर्चीत एक पांढराशुभ्र पुतळा बसलेला होता. पाय अजून वरच.

"अरे, हा तर ओत्तोरिनो!" बेकरीवाला ओरडला. "ससाण्यांचा निशाणवाला!"

"आमच्याकडे? आणि खुर्चीत? पाय मोडला का काय?"

"मोडला नाही," ओत्तोरिनो पीठ फुंकत म्हणाला. "टेकवायचा नाहीये."

बेडूक पेठेला हे कळायला दोन क्षण लागले, आणि मग जे हसू फुटलं ते वरच्या चौकापर्यंत ऐकू गेलं. लोक खिडक्यांत आले. आचारी झारे घेऊन बाहेर आले. "पाय धर रे वर, दमशील!" "कुणीतरी त्याच्या पायाखाली उशी द्या!" ओत्तोरिनोला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. पण तीही बेडूक पेठेचीच, तेव्हा तेही नकोच.

गर्दीतून वाट काढत झेलिंदा आली. काळा झगा, कमरेला वीतभर लांब लोखंडी चावी. तिने त्याला डोक्यापासून मोज्यापर्यंत न्याहाळलं. "बिल्ला?"

त्याने पीठ पुसून बिल्ला दाखवला.

"गाइड आहे," तिने निकाल दिला आणि चावी त्याच्या हातात ठेवली. "लवकर. माझ्या पाण्याची वेळ होत आलीय."

चर्चला दोन पायऱ्या. खुर्ची कशी चढणार? बेडूक पेठेतले चार धटिंगण पुढे झाले आणि त्यांनी ओत्तोरिनोला खुर्चीसकट खांद्यावर घेतलं. सातशे वर्षांत प्रथमच ससाणा पेठेचा माणूस बेडूक पेठेच्या खांद्यावरून मिरवला. ढोलवाल्यांना कुणी सांगावं लागलं नाही.

आत काळोख. चित्रावर दिवा आहे, पण पेटीत नाणं टाकल्याशिवाय तो लागत नाही आणि तीन मिनिटांत विझतो. अदेल्माबाईंनी नाणं टाकलं, ते अडकलं. त्यांनी पेटीला एक चापट मारली. काही नाही. बेकरीवाला काटा घेऊन ते नाणं उचकटायला बसला. बाहेरची सगळी बेडूक पेठ आत शिरली. काळोखात शंभर माणसं गप्प उभी राहिली, आणि इल्देगार्दाबाईंचा आवाज आला, "दिवा लागेपर्यंत सांगा ना काहीतरी."

ओत्तोरिनो मुळात गाइड. त्याला असं कुणी म्हटलं की गप्प बसता येत नाही.

"ही माता दमलेली आहे, बाई," तो म्हणाला. आवाज जरा बसका होता, पण खोटा नव्हता. "बाकी सगळीकडे ती राणीसारखी बसते. इथे ती कामावरून आल्यासारखी बसलीय. डाव्या पायातली चप्पल निसटलीय, ती नीट करायचंही त्राण नाही तिला. मांडीवर बाळ. बाळाच्या हातात उकललेलं अंजीर. ते तो स्वतः खात नाही, आईच्या तोंडाशी धरलंय. आणि ती नको म्हणत नाही, घेही म्हणत नाही. ते फळ तसंच मध्ये राहिलंय, सहाशे चाळीस वर्षं. ज्याने काढलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण त्याने आपली आई संध्याकाळी घरी येताना पाहिली होती, एवढं नक्की."

कुणीतरी नाक ओढलं. ओत्तोरिनो रंगात आला. त्याला आपण कुठे आहोत याचा विसर पडला.

"आणि खाली उजव्या कोपऱ्यात कुत्रा आहे. तो पुस्तकात नाही. उभं राहून दिसत नाही, मेणबत्त्यांची लोखंडी चौकट आड येते. डावीकडच्या पहिल्या बाकावर, अगदी टोकाला बसायचं आणि मान अशी वाकडी करायची. पांढरा आहे, एक कान तपकिरी. झोपलाय, पण कान उभा. शेपटीचा रंग उडालाय बिचाऱ्याच्या. मला तर वाटतं, सगळ्या चित्रात त्या आईची वाट पाहत बसलेला तोच एक..."

काळोखात झेलिंदा खोकली. साधाच खोकला, पण ओत्तोरिनोची जीभ टाळ्याला चिकटली.

तेवढ्यात नाणं सुटलं आणि दिवा लागला.

इल्देगार्दाबाई दोघींच्या हातांवर भार टाकून चित्रासमोर उभ्या होत्या. मग त्यांनी तो काळापांढरा कपटा वर धरला, एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा चित्राकडे.

"निळा!" त्या म्हणाल्या. "अग बाई, हिचा झगा निळा आहे! चाळीस वर्षं मी पोरांना लाल रंगवायला लावला!" आणि त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसायला लागल्या, आणि मग सगळ्या बाया हसल्या आणि रडल्या. बेडूक पेठेतले चार धटिंगण मात्र डावीकडच्या पहिल्या बाकाच्या टोकाला बसून, माना वाकड्या करून पाहत होते.

"अरे आहे की कुत्रा!" एक म्हणाला. "मी इथे बाप्तिस्मा घेतला, लग्न केलं. मला कधी दिसला नाही!"

तीन मिनिटं संपली, दिवा विझला.

वर जाताना बेडूक पेठेने ओत्तोरिनोची खुर्ची ढकलली. आग्रहच होता त्यांचा. कारंज्यापाशी आले तर समोर ससाणा पेठ उभी. पुढे एव्हारिस्तो, पांढऱ्या कोटात, हाताची घडी. काखेत जुनी वही. ओत्तोरिनोच्या तोंडचं पाणी पळालं. मखमली सदरा त्याच्या डोळ्यांसमोरून गेला, पिसांची टोपी गेली, रांगेत वारलेले वडील आले.

"ओत्तोरिनो," एव्हारिस्तो म्हणाले, "पाऊल टाकलंस?"

"नाही, प्रमुख! एकदाही नाही! या सगळ्यांना विचारा."

"मी एकोणीस साक्षीदार देते," अदेल्माबाई म्हणाल्या. "सगळ्या शिक्षिका आहोत. आम्ही खोटं ऐकतो, बोलत नाही."

"मग हा काय?" एव्हारिस्तोंनी बोट दाखवलं. झेलिंदाच्या हातात ओत्तोरिनोचा डावा बूट होता, पाण्याची वेळ सोडून ती वर आली होती. "हा पलीकडच्या जमिनीवर पडला म्हणे."

"पडला. पण तेव्हा पाय त्यात नव्हता," अदेल्माबाई म्हणाल्या. "पाय वर होता. मी पाहिला. फार वर होता."

पेठेत खलबतं झाली. बुटाबद्दल वहीत काही लिहिलेलं नव्हतं. बूट सुटला. एव्हारिस्तोंनी वही मिटली आणि मग, जाता जाता आठवावं तसं, पुन्हा उघडली.

"एक राहिलं. आत काळोखात तू म्हणे एका कुत्र्याचं सांगितलंस. तो कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्या लोकांनासुद्धा नाही. तिथल्या बाकावर बसल्याशिवाय दिसत नाही. मग तुला कसा ठाऊक?"

ओत्तोरिनोने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी एकही सुचेना. खरं तर एवढंच होतं, की बारा वर्षांचा असताना आजोबांपुढे शपथ घेऊन दुसऱ्याच आठवड्यात तो कुतूहलाने त्या चर्चमध्ये शिरला होता, आणि चित्राने त्याला जे धरलं ते आजतागायत सोडलं नव्हतं. पण हे चारचौघांत कसं बोलणार?

"मी... सांगितलं," मागून फुसफुस आली.

गळ्याला पंचा गुंडाळलेली देल्फीना गर्दीतून पुढे आली. मजा बघायला आली होती ती.

"तू?" एव्हारिस्तो म्हणाले. "तुझा तर आवाज गेलाय."

"फोनवर... हळूच... सांगितलं." तिने ओत्तोरिनोकडे पाहिलंसुद्धा नाही. "गाइडला... गाइडने... सांगावं लागतं."

एव्हारिस्तोंनी तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं. मग वही काखेत मारली. "पाऊल टाकलेलं नाही," त्यांनी जाहीर केलं. "निशाण ओत्तोरिनोकडेच."

ससाणा पेठेने टाळ्या वाजवल्या, आणि चुकून बेडूक पेठेनेही. लक्षात आल्यावर त्यांनी त्या मध्येच थांबवल्या.

ओत्तोरिनो खुर्चीतून उठला, इल्देगार्दाबाईंना तीत बसवलं आणि त्यांचा हात हातात घेतला. मग देल्फीनाजवळ जाऊन पुटपुटला, "का वाचवलंस मला?"

"नवा गाइड आला..." ती फुसफुसली, "तर मोजायला... चुकेल." आणि बेर्गामोच्या बायांकडे वळून तिने बोट फिरवलं. "एकोणीस."

"एकोणीस," ओत्तोरिनो म्हणाला.

झेलिंदाने बूट त्याच्या हातात दिला. देताना वाकली आणि त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाली, "महिन्याच्या पहिल्या मंगळवारी प्रार्थनेला दार उघडं असतं. ऑगस्टात तरी तो मफलर घालून येत जाऊ नकोस, ओत्तोरिनो. बघून मलाच उकडतं."

संध्याकाळी ओत्तोरिनो जेवायला बसला तेव्हा त्याच्या कानात अजून पीठ होतं. पाल्मीराने डाळीचं सूप वाढलं, पाव कापून मध्ये ठेवला. त्याने सगळी हकीकत सांगितली, उतार, ढोल, बूट, वही. कुत्र्याचं तेवढं गाळलं. मग निशाण वाचल्याच्या आनंदात पावाचा मोठा तुकडा तोडला.

"काही म्हण, पाल्मीरा. जगात कुठेही जा, आपल्या ससाणा पेठेच्या पावाला तोड नाही."

"खा मुकाट्याने," ती म्हणाली. थोड्या वेळाने सूप ढवळता ढवळता तिने विचारलं, "त्या कुत्र्याच्या शेपटीला रंग दिला का रे त्यांनी?"

ओत्तोरिनोचा घास घशात अडकला. "कुठला कुत्रा?"

"आता माझ्यापुढे नको हं. कुत्र्याचं दुपारीच गावभर झालंय. पहिल्या मंगळवारी पेरुजाला गाइड लोकांची सभा असते ना तुझी? मफलर गुंडाळून, टोपी ओढून, भिंतीच्या कडेने त्या चर्चमध्ये शिरतोस. सव्वीस वर्षं बघतेय मी."

"तू? बघतेस? कुठून?"

"समोरच्या रांगेतून."

ओत्तोरिनोला आधी काही उमगलं नाही. चर्चच्या समोर काय आहे ते त्याने डोळ्यांपुढे आणलं. पिठाची पोती आठवली. मग त्याने हातातल्या पावाच्या तुकड्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"मग... मग इतक्या वर्षांत एकदा हाक का नाही मारलीस?"

"हाक मारली असती," पाल्मीरा म्हणाली, "तर तू वळून पाहिलं असतंस, आणि पाव कुठला ते तुला कळलं असतं."

मग ओत्तोरिनोने तो तुकडा सुपात बुडवला, तोंडात टाकला आणि सवयीने डोळे मिटले.

"अजून एक काप," तो म्हणाला.